बुद्धिबळातल्या अ‍ॅक्सिलरेटेड ड्रॅगन ओपनिंगचा व्हिडिओ कोर्स कसा वाटला

काळ्याकडून सिसिलियनमध्ये (ई४ला सी५ने उत्तर) आधी नायडॉर्फ हा प्रकार करून बघितला पण पाठांतर एवढं की नोकरी सांभाळून जमेना, म्हणून हा कोर्स घेतला आणि खरं सांगते, पैसे वसूल. डीचं प्यादं डी६ला न नेता चौथ्या चालीला जीचं प्यादं जी६ला न्यायचं, म्हणजे पुढे संधी मिळाली की डीचं प्यादं एका दमात डी५ला, अख्खी एक चाल वाचते. हे इतकं छान समजावलंय की पटावर बसल्यावर चाली आठवाव्या लागत नाहीत, सुचतात.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे समोरच्याने उंट सी४वर आणून, आपलं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या बाजूला सुरक्षित नेणं) झाल्यावर सवयीने एफ३ केलं, की आपला वजीर थेट बी६वर, बी२च्या प्याद्यावर हल्ला आणि डी४च्या घोड्यावरही दाब! मारोत्झी बाइंडमध्ये (पांढरा सी४ आणि ई४वर प्यादी रोवून डी५ अडवतो) मात्र जागा कमी मिळते, तिथे मोहऱ्यांची अदलाबदल करत धीर धरावा लागतो, तेही नीट दाखवलंय.

तक्रार एकच, अलापिनला फक्त दोन छोटे व्हिडिओ. अहो, क्लबात निम्मे लोक तेच, म्हणजे पांढऱ्याकडून दुसऱ्या चालीला सी३च खेळतात, त्याची तयारी वेगळी करावी लागली.