फाशी की जन्मठेप, खर्च कोणाचा जास्त?

आमच्याकडं पारावर विषय निघाला की लोक म्हणतेत, लटकवा ना, जेलात फुकट कायले पोसाचं. पण भाऊ, खरा खर्च जेवणाचा नाही, केसचा आहे. फाशी झाली की हायकोर्टाची मंजुरी लागतेच, मग सुप्रीम कोर्ट, रिव्ह्यू (निकाल पुन्हा तपासाचा अर्ज), दयेचा अर्ज, अन् तेवढी सगळी वर्षं तो माणूस जेलातच, म्हणजे पोसणं काही सुटत नाही. जन्मठेपेत अपील असते पण एवढे टप्पे नसतेत.

खैरलांजीचंच पहा, 2006 मधी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, 2008 मधी भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांले फाशी सुनावली, 2010 मधी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली.

वकिलासाठी वावर दोन्हीकडं गहाण पडते. पण फाशीवाल्याच्या घरी पोरीची सोयरीकही जमत नाही, अन् माय एसटीनं नागपूरले जाते तवा दर भेट शेवटची समजूनच जाते, वर्षानुवर्षं. तिचा गुन्हा काय?

अन् कोर्ट चुकलं तर? 2003 च्या एका केसमधी फाशी सुनावलेले सहा जण सुप्रीम कोर्टानं 2019 मधी निर्दोष सोडले, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायले लावली. फासावर गेले असते तर भरपाई कोणाले देणार होते? मले तर सूट न देता लांब जन्मठेपच बरी वाटते.