‘कोर्ट’ बघू की ‘द डिसायपल’?

भाचीला रविवारी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा एकच सिनेमा बघायचाय. आमच्या घरात यावरून उघड दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, हा माणूस कॅमेरा लावून चहाला जातो. व्हेनिस चित्रपट महोत्सवाची बक्षिसं दोन्हींना आहेत, ती बाजूला ठेवू.

वेळ दोन्हींना दोन तासांच्या आसपास. पण ‘कोर्ट’मध्ये (2014) निदान खटला पुढे सरकतो, तारखा पडत का होईना. त्यातली मेलेल्या सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष बघाच. गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं की उतरायचं, हे ती इतक्या सपाट आवाजात सांगते की वकीलच पाल्हाळिक वाटतात. शेवट मात्र पुष्कळांना तुटक वाटतो. मला नाही.

‘द डिसायपल’मध्ये (2020) शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरूळकर रियाज करतो, हरतो, पुन्हा रियाज करतो. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत त्याची बाइक संथ धावते, कानात माई या जुन्या गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्यानं. माझे वडील याच दृश्यांना कंटाळले, मला तीच हवी होती. राग ओळखता यायलाच हवेत असं नाही, पण ख्यालाची अजिबात गोडी नसेल तर जड जाईल.

चारचौघांत बसून नंतर वाद घालायचा असेल तर ‘कोर्ट’. एखादी कला वर्षानुवर्षं धरून बसला असाल, तर ‘द डिसायपल’ एकट्यानं बघा. भाची कथक शिकते. तिला मी ‘द डिसायपल’च सांगितला.