दाताच्या मुळाचं टोक कापल्यानंतरचे महिने

पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या पुढच्या दाताची एपिकोएक्टॉमी करून घेतली, आता आंब्याला मोहोर येऊ लागलाय. एवढ्या काळात जे अनुभवलं ते लिहितो.

रूट कॅनॉल होऊन, कॅप बसून बरीच वर्षं झालेला दात. ठणका नव्हता, पण हिरडीवर बारीक पुळी यायची, फुटायची, पुन्हा यायची. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला. संसर्गाने तिथलं हाड विरघळलं होतं. गोळ्यांनी पुळी बसते, मुळातले जंतू तिथेच राहतात. अशा वेळी आधी रूट कॅनॉल परत करण्याचा विचार होतो, आणि ते का नको हे तुम्ही डॉक्टरांना विचाराच. माझ्या कॅपखाली पोस्ट होता, म्हणजे कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली दांडी, तो उपटताना मूळ तडकण्याची भीती होती. म्हणून वाट हिरडीतून.

भूल दिल्यावर दुखलं नाही, फक्त ड्रिलची थरथर नाकापर्यंत जाणवली. हिरडी उचलून हाडाला छोटी खिडकी पाडली, सडका भाग खरवडला, मुळाचं साधारण 3 मिमी टोक कापलं. मुळातल्या नलिकेचे बारीक फाटे बहुतेक तेवढ्याच भागात असतात, आणि जंतू त्यांतच दडतात. कापलेल्या मुळाचं उघडं तोंड एमटीए नावाच्या दातांच्या सिमेंटने बंद केलं आणि टाके घातले.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. ओठ पार वर चढला होता. आईने कोमट पेज आणि कुळथाची पिठी यांवर ठेवलं. काट्याचे मासे बंद. ओठ उचलून टाके बघायचा मोह फार होतो, पण टाके ताणतात, बघू नका.

पुळी परत आली नाही. ताज्या एक्स-रेत डाग बराच लहान झालाय. हाड पूर्ण भरायला वर्षही लागू शकतं. कॅपच्या कडेची हिरडी मात्र किंचित वर सरकली, हसताना बारीक काळी रेघ दिसते. स्वतःचा दात राहिला, त्यापुढे मला ती चालते. खालच्या दाढेचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मुळाजवळून नस जाते. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

मायक्रोस्कोपखाली हे करणारे डॉक्टर मला कोल्हापुरात मिळाले. मालवणहून भर पावसात घाट, तोही सुजलेल्या तोंडाने, नको वाटतो. टाके गावातल्याच डॉक्टरांनी काढले. जाण्याआधी दोघांचं फोनवर बोलणं करून द्या, एक फेरी नक्की वाचते.