एप्सन एलएक्स-३१० प्रिंटर: जुनं बिलिंग चालवणाऱ्यांनी हाच घ्या

मार्केटयार्डात आमचा आडतीचा गाळा आहे, शेतकऱ्याची हिशोबपट्टी अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधूनच निघते, ३२ बिट विंडोजवर मस्त चालतंय त्यामुळे बदलायचा विषयच नाही. पट्टीच्या तीन कॉप्या एकदम लागतात म्हणजे लेझर बाद, पिना आपटून खालच्या कॉप्यांवरही छापणारा डॉट मॅट्रिक्सच पाहिजे. एलएक्स-३१० घेतला कारण मागे पॅरलल, सिरियल (दोन्ही जुन्या पद्धतीचे) आणि यूएसबी असे तिन्ही पोर्ट आहेत. तिसऱ्या कॉपीवरचा आकडा पण स्पष्ट वाचता येतो, शेतकऱ्याला तीच कॉपी मिळते ना, म्हणून महत्त्वाचं.

आता जोडणीचं नीट सांगतो, सगळे इथंच अडकतात. नवीन पीसीला पॅरलल पोर्ट नसतो मग दुकानात यूएसबी टू पॅरलल केबल काढून देतात. प्लीज घेऊ नका. ती विंडोजला यूएसबी००१ म्हणून दिसते, एलपीटी१ (पॅरलल पोर्टचं विंडोजमधलं नाव, जुना प्रोग्राम त्यावरच प्रिंट पाठवतो) बनतच नाही, मग वर्डमधून प्रिंट येते आणि फॉक्सप्रोमधून काहीच नाही, माणूस प्रिंटरलाच शिव्या घालत बसतो. त्यापेक्षा पीसीच्या आत पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवा, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. कार्ड बऱ्याचदा एलपीटी३ म्हणून येतं, डिव्हाइस मॅनेजरमधे पोर्ट सेटिंगला जाऊन एलपीटी१ करायचं, बास. केबल प्रिंटरच्या बाजूला ३६ पिनची असते, दोन्हीकडच्या तारेच्या क्लिपा आत दाबून बसवा, नुसती खोचून ठेवली की हमालाचा धक्का लागला तरी सुटते. आणि लावताना काढताना दोन्ही मशीन बंद, पॅरलल म्हणजे यूएसबी नाही, पोर्ट जळू शकतो.

प्रिंटर लांब काट्यापाशी ठेवायचा असेल तर सिरियल, १५ मीटरपर्यंत चालते, पण एकेक बिट जातो म्हणून हळू. बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) पीसी आणि प्रिंटर दोन्हीकडे सेम ठेवा नाहीतर कागदावर नुसता कचरा छापून येतो. मग विंडोजच्या मोड कमांडने एलपीटी१ कॉम१ कडे, म्हणजे सिरियल पोर्टकडे वळवला की जुना प्रोग्राम आहे तसाच चालतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रिंटरचा इंटरफेस (कोणत्या पोर्टवरून प्रिंट घ्यायची ती सेटिंग) ऑटोवर ठेवता येतो. काउंटरचा पीसी पॅरललवर आणि अकाउंटचा यूएसबीवर, दोघं एकाच प्रिंटरवर काढतात, एकाचं संपलं की थोडे सेकंद थांबून तो आपोआप दुसऱ्याचं घेतो, केबल बदलाबदली नाही. सकाळी गाड्या लागल्यावर हे फार कामाला येतं.