मेलकाऊ की मेल-इन-अ-बॉक्स?

लातूर-नांदेडकडची एखादी शिक्षणसंस्था स्वतःचा मेल सर्व्हर उभारणार असेल आणि तो सांभाळायला माणूस एकच असेल, तर मेलकाऊ आणि मेल-इन-अ-बॉक्स या मेल सर्व्हर उभारायच्या दोन तयार सॉफ्टवेअरपैकी माझं मत मेल-इन-अ-बॉक्सला. कोऱ्या उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर एक कमांड दिली की पोस्टफिक्स (मेल पाठवणं-घेणं), डव्हकॉट (मेलपेटी), राउंडक्यूब (ब्राउझरमधून मेल), अगदी डीएनएससुद्धा (इंटरनेटवरच्या नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) उभं राहतं; १ जीबी रॅम पुरते. मात्र मनासारखे बदल करायची मुभा जवळजवळ नाही.

मेलकाऊ डॉकरवर (सॉफ्टवेअरचे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली) चालतं, किमान ६ जीबी रॅम मागतं. पण प्रत्येक डोमेनला (ई-मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) वेगळा अ‍ॅडमिन देता येतो, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी हे सॉफ्टवेअर आहे. महाविद्यालयं चार-पाच असतील तर हेच घ्या.

पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात ते दार) आणि पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी) दोन्हींना हवीच. शिवाय आपल्याकडे लाइट जाते. म्हणून सर्व्हर कार्यालयात नको, भाड्याच्या व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) ठेवा.