लहान नेमबाजासाठी छर्रे: तीन डबे आणि सराफाचा काटा

सांगली-मिरजेत दहा-बारा वर्षांच्या मुलाला दहा मीटर एअर रायफल सुरू करून द्यायची म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पोराच्या खांद्याला धक्का बसणार नाही ना? मग सगळी चर्चा छर्ऱ्याच्या वजनावर येते. हलका छर्रा, कमी धक्का. हिशेब बरोबर आहे, पण हाती फार थोडं लागतं.

0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 172 मीटरच्या आसपास वेगाने निघाला, तर चार किलोची रायफल मागे येते सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटर वेगाने. जॅकेट घातलेल्या मुलाला ते कळतसुद्धा नाही. त्याच रायफलमध्ये 0.45 ग्रॅमचा घातला तर हा धक्का फार तर आठ टक्क्यांनी उतरतो. मुलाला जो हिसका बसतो तो स्प्रिंगच्या बंदुकीचा. घोडा दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो, त्यामुळे बंदूक आधी मागे येते. पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे उडी मारते. हे सगळं छर्रा नळीतच असताना चालू होतं, म्हणून नेम बरोबर असूनही गोळी भलतीकडे जाते आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. बजेट असेल तर पहिल्यापासून हवेच्या सिलिंडरची, म्हणजे पीसीपी रायफल घ्या. नसेल तर पुढचं जरा नीट वाचा, कारण छर्ऱ्याची निवड खरी महत्त्वाची ठरते ती स्प्रिंगच्या बंदुकीत.

आरडब्ल्यूएस हॉबी. वजन 0.45 ग्रॅम, डब्यात 500. चपट्या तोंडाचा, मागच्या पोकळ कडेवर, म्हणजे घेरावर, बारीक रेघा. शिकाऊ मुलाच्या स्प्रिंग रायफलसाठी पहिला डबा हाच घ्यावा. हलका असल्याने नळीतून लवकर बाहेर पडतो, बंदूक हलायला वेळ कमी मिळतो, आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. स्पर्धेच्या रायफलमध्ये मात्र त्याची कमाल दिसत नाही. तोंडाच्या मापाचा पर्याय मिळत नाही, जे येईल ते घ्यायचं.

एच अँड एन फिनाले मॅच. हा 0.49 आणि 0.53 ग्रॅम अशा दोन वजनांत येतो. हलका पिस्तुलासाठी म्हणून विकतात, पण स्प्रिंग रायफलमध्ये चालवायला हरकत नाही. त्याची खरी सोय म्हणजे तोंडाचं माप निवडता येतं: 4.49, 4.50, 4.51 मिमी. नळ्या एकसारख्या नसतात, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगळं माप मानवतं. सैल छर्ऱ्यामागून हवा निसटते, घट्ट बसवताना मुलाचा अंगठा घेर वाकवतो. दोन्हींत गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरतो.

आरडब्ल्यूएस आर-10 मॅच. रायफलसाठी 0.53 ग्रॅमचा घ्या, 0.45 चा पिस्तुलाचा आहे. डबा उघडला की फरक डोळ्यांना दिसतो: घेर सरळ, तळाशी शिशाची धूळ नाही. पण सहा महिने झालेल्या मुलासाठी हा डबा म्हणजे बैलगाडीला विमानाचं चाक. ज्याचे दहा छर्रे अजून सात ते नऊच्या रिंगमध्ये विखुरतात, त्याच्या गुणांत या छर्ऱ्याने दशांशाचीही भर पडत नाही. नऊची रिंग साडेपाच मिलिमीटरची आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्यांमधला फरक त्या ठिपक्याभोवतीचा आहे, मूल तिथवर पोचलं की बोलू.

सुटे, नाव नसलेले छर्रे पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीला ठीक. टोकदार छर्रे तर घेऊच नका, कागद फाटतो आणि गुण ठरवताना वाद होतात.

डबा घेतल्यावर तो तपासायचा कसा? खानापूर-विटा भागात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा असलेल्या घरांत मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा सहज सापडतो, नाहीतर ओळखीच्या सराफाकडे जा. डब्यातले 20 छर्रे एकेक करून तोला. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांत 0.01 ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला, तर डबा सरावाला ठेवा. मग ते काचेवर आडवे लोळवा: ज्याचा घेर वाकडा तो डुगडुगत जातो. शेवटची परीक्षा रायफलचीच. वाळूच्या पिशवीवर टेकून, मोठ्या माणसाने, प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे एकाच ठिपक्यावर मारायचे. पीसीपी रायफलमध्ये पाचांचं मिळून एकच भोक पडलं आणि ते बाहेरून 7 मिमीच्या आत बसलं, तर त्याच लॉटचे दोन-चार डबे एकदम घ्या. डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या लॉटला हीच परीक्षा पुन्हा.

स्प्रिंगच्या बंदुकीत धक्का अचानक वाढला, आवाज खणखणीत झाला, नळीतून धूर आला, तर छर्रा बदलू नका. कुणीतरी पिस्टनच्या नळकांड्यात शिवणयंत्राचं तेल सोडलंय. दाबलेल्या गरम हवेने ते पेटतं आणि प्रत्येक बारला छोटासा स्फोट होतो. यात सील जातं, कधी स्प्रिंगही. छर्ऱ्याशिवाय घोडा दाबायची सवयही तशीच घातक: समोर अडवायला छर्रा नसला की पिस्टन थेट धातूवर आपटतो. अशा बंदुकीला पुढच्या हाताने आवळूनही धरायचं नाही. तळहातावर नुसती टेकवायची, तिला जशी हलायची तशी हलू द्यायची. गच्च धरलं की दर वेळी पकड वेगळी आणि मार वेगळा.

कायद्याचं थोडक्यात. 4.5 मिमी बोअर (नळीचं आतलं माप) आणि 20 जूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते. स्पर्धेची रायफल आठ जूलच्या आसपासच असते. .22 चं काडतूस मात्र परवान्याच्या आणि क्लबच्या चौकटीत येतं. तिथवर पोचलेल्या मुलाला 40 ग्रेनचं, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम गोळीचं, स्टँडर्ड वेगाचं, सेकंदाला 330 मीटरच्या आतबाहेरचं काडतूस द्या. हाय व्हेलॉसिटीचं नको. धक्का तसा कमीच, एअर रायफलच्या नऊ-दहा पट असला तरी साडेपाच किलोची रायफल तो गिळते. मूल दचकतं ते आवाजाला, आणि ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या गोळीचा फटाका वेगळाच. कानाला मफ पहिल्या दिवसापासून. एकदा डोळे मिटायची सवय लागली की मोडायला महिने जातात. राखणीसाठी घरात बारा बोअरची बंदूक आहे म्हणून पोराला ‘एकदा बघ तर’ म्हणणारे काका-मामा प्रत्येक गावात असतात. त्यांना नम्रपणे चहा पाजावा. शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा ससा-डुकराची स्वप्नंही त्याच चहाबरोबर संपवावीत.

पावसाळ्यात, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात, उघड्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ते शिशाचं गंजणं आहे. असे छर्रे पुसून वापरू नका, फेकून द्या. डब्यातला फोमचा तुकडा काढू नका, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाच्या हातात वडापाव देऊ नका.