अंब्वाझचा राजवाडा: जे उरले आणि जे पाडले गेले

ल्वार नदीच्या खोऱ्यातले राजवाडे पाहायला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक शांबोर आणि शनोंसो यांच्यासाठी वेळ राखून ठेवतात आणि अंब्वाझला लिओनार्दो दा विंचीच्या घरापुरते उतरतात. गावाच्या डोक्यावर उभा असलेला राजवाडा मग उरलेल्या तासाभरात उरकला जातो. तो नीट पाहिल्यावर माझे स्पष्ट मत झाले की, निदान अर्धा दिवस त्याच्या वाट्याला यायलाच हवा. फ्रान्सच्या इतिहासातले वैभव, क्रौर्य आणि पश्चात्ताप ही तिन्ही एकाच आवारात पाहायला मिळतील, अशी ठिकाणे फार नाहीत.

अंब्वाझ हे तूर शहराच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवर, ल्वारच्या डाव्या काठावर वसलेले बारा-तेरा हजार वस्तीचे गाव आहे. रेल्वे स्थानक पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर असल्यामुळे गावात शिरताना नदी ओलांडावीच लागते, आणि ती पायीच ओलांडावी. नदीच्या मधोमध एक मोठे बेट असून पूल त्यावरूनच जातो. या बेटामुळे इथे नदी पार करणे पूर्वापार सोयीचे होते, आणि हा उतार ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सगळी वाहतूक. अमास नावाचा ओढा जिथे ल्वारला मिळतो, तिथे दोन्ही प्रवाहांच्या मधल्या खडकाळ सोंडेवर किल्ला का बांधला गेला, हे पुलावर उभे राहिले की वेगळे सांगावे लागत नाही. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकांचा राजा क्लोविस आणि व्हिसिगॉथांचा राजा अलारिक यांची भेट याच बेटावर झाली होती.

उन्हाळ्यात उथळ, वाळूच्या पट्ट्यांनी भरलेली ही नदी एरवी किती बेफाम होऊ शकते, हे १८४६, १८५६ आणि १८६६ च्या महापुरांनी दाखवून दिले. काठाने बांधलेले उंच बंधारे आजही त्याची साक्ष देतात. सपाट तळाच्या होड्यांतून इथून दारू, मीठ आणि दगड यांची ने-आण होत असे. हा दगड म्हणजे त्युफो, पांढरट आणि इतका मऊ चुनखडक की ताजा असताना तो सहज कापता येतो. टेकड्यांतून तो काढल्यावर मागे उरलेल्या गुहांमध्ये लोकांनी घरे आणि मद्याची तळघरे केली. राजवाड्याची भिंत आणि गावातल्या साध्या घराची चौकट एकाच रंगाची दिसते, ती या दगडामुळे. सुली ते शालोन हा ल्वारचा पट्टा २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यात अंब्वाझही आहे.

राजवाड्याच्या तिकिटातच एक टॅब्लेट हातात दिला जातो. ठरावीक खोल्यांत तो समोर धरला की ती जागा पूर्वी कशी सजवलेली होती, ते पडद्यावर दिसते. ही सोय मला उपयुक्त वाटली, कारण इथे मूळ इमारतींपैकी फार थोडा भाग उरला आहे. नेपोलियनच्या काळात हा वाडा सिनेटर रोजे द्युको याच्याकडे आला. डागडुजीचा खर्च परवडण्याजोगा नसल्यामुळे १८०६ ते १८१० या काळात त्याने बराचसा भाग पाडून टाकला. गच्चीवरच्या मोकळ्या हिरवळीवर एकेकाळी दालनांच्या रांगा होत्या, हे टॅब्लेटवर पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. मात्र आतल्या खोल्यांत पडद्यातच डोके घालून बसू नये. तिथले बरेचसे सामान नंतर जमवलेले असले, तरी खांब, कमानी आणि खिडकीतून दिसणारे नदीचे पात्र अस्सल आहे.

या वाड्याचे नशीब ज्याने घडवले, तो आठवा शार्ल १४७० साली इथेच जन्मला. जुन्या किल्ल्याचा त्याने राजवाडा केला, १४९४-९५ च्या मोहिमेवरून परतताना इटलीचे कारागीर आणि माळी सोबत आणले, आणि ७ एप्रिल १४९८ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, चेंडूचा खेळ पाहायला जाताना एका ठेंगण्या दाराची चौकट डोक्याला लागून काही तासांतच मरण पावला. त्याचे एकही मूल जगले नव्हते, त्यामुळे गादी बाराव्या लुईकडे गेली.

शार्लच्या बांधकामातले सर्वांत अप्रतिम काम म्हणजे दोन भव्य बुरुज, मिनिम आणि एर्तो. त्यांच्या पोटात पायऱ्या नाहीत. मध्यभागाभोवती वळत वर चढणारा रुंद उतार आहे, ज्यावरून घोडे आणि गाड्या नदीकाठावरून थेट वाड्याच्या अंगणात पोहोचत. एर्तो बुरुजातून सावकाश उतरावे आणि कमानी जिथे भिंतीला टेकतात तिथे नजर ठेवावी: दगडात कोरलेले लहान-लहान माणसांचे आणि विचित्र प्राण्यांचे चेहरे तिथे दिसतात, काही वेडावणारे, काही चक्क असभ्य. राजाच्या वाटेवर कारागिरांनी इतकी मोकळीक घेतली, याचे मला फार कौतुक वाटले. १५३९ साली फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचव्या कार्लला याच वाटेने वर आणले, तेव्हा मशालींमुळे शोभेच्या कापडांना आग लागून सगळ्यांची धांदल उडाली होती.

नदीच्या बाजूची गॅलरी पाहताना मात्र मन खिन्न होते. मार्च १५६० मध्ये ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट पंथीयांच्या एका गटाने तरुण राजा दुसरा फ्रान्स्वा याला कट्टर कॅथलिक गीझ घराण्याच्या प्रभावातून बाहेर काढण्याचा कट केला. तो फुटला आणि कटवाल्यांची प्रेते याच दर्शनी भागावर लटकवली गेली. पुढे १५६३ साली याच गावाच्या नावाने निघालेल्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना मर्यादित उपासनास्वातंत्र्य दिले.

तटावरचे सेंट ह्युबर्टचे, म्हणजे शिकाऱ्यांच्या संरक्षक संताचे, छोटे देवालय सगळेच पाहतात, कारण आत लिओनार्दोची समाधी आहे. पहिल्या फ्रान्स्वाच्या निमंत्रणावरून तो १५१६ साली इथे आला आणि २ मे १५१९ रोजी वारला. त्याला ज्या चर्चमध्ये पुरले होते तेही द्युकोच्या काळात पाडले गेले. १८६३ च्या उत्खननात सापडलेल्या अस्थी त्याच्याच असाव्यात असे मानून त्या इथे आणल्या गेल्या. व्यवस्थापनही त्यांचा उल्लेख 'मानलेल्या अस्थी' असाच करते, आणि हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. आत जाण्यापूर्वी दारावरची पट्टी जरूर पाहावी. शिंगांमध्ये क्रूस असलेले हरीण आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला ह्युबर्ट यांचे तिथले कोरीवकाम थक्क करणारे आहे.

पण मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो तो बागेच्या वरच्या टोकाला, जिथे फारसे कोणी फिरकत नाही. अल्जीरियात फ्रेंचांशी दीर्घकाळ लढलेला अमीर अब्द अल-कादिर १८४७ मध्ये शरण आला, तो पूर्वेकडे जाऊ देण्याच्या वचनावर. ते वचन मोडून फ्रान्सने त्याला कुटुंब आणि अनुयायांसह कैदेत ठेवले, आणि नोव्हेंबर १८४८ पासून चार वर्षे हा राजवाडाच त्याचा तुरुंग होता. १८५२ साली फ्रान्सचा तेव्हाचा अध्यक्ष लुई-नेपोलियन याने स्वतः इथे येऊन त्याची सुटका जाहीर केली. तोवर त्याच्या परिवारातली २५ माणसे इथल्या दमट थंडीत दगावली होती. त्यांच्या स्मरणार्थ २००५ साली रशीद कोराइची या कलावंताने इथे दगडांची शांत, साधी बाग रचली. ज्या माणसाशी फ्रान्स असा वागला, त्यानेच १८६० मध्ये दमास्कसच्या दंगलीत हजारो ख्रिश्चनांचे प्राण वाचवले. भेटीच्या मार्गात या जागेला आणखी ठळक स्थान मिळायला हवे, एवढीच माझी या राजवाड्याबद्दलची तक्रार आहे.

आता थोडे व्यवहाराचे. वर जाणारी वाट चढाची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे. लिओनार्दोचे क्लो ल्युसे हे घर गुहाघरांच्या रस्त्याने चालत थोड्याच अंतरावर आहे आणि त्याचे तिकीट वेगळे. त्याच्या आरेखनांवरून केलेली यंत्रांची प्रतिरूपे तिथे असल्याने मुलांना ते राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल. शक्यतो रविवारी जावे, कारण सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. तिथले सेंत-मोर हे शेळीच्या दुधाचे, राखेत घोळवलेले आणि मधून राय या धान्याच्या गवताची काडी घातलेले लांबट चीज जरूर चाखावे. मात्र ते पारंपरिक पद्धतीने जनावरांच्या जठरातून काढलेल्या विरजणावर होते, हे कट्टर शाकाहारींनी ध्यानात ठेवावे. सकाळी बाजार, मग राजवाडा आणि दुपारनंतर क्लो ल्युसे असा क्रम ठेवला तर पॅरिसहून येऊन एका दिवसात परतता येते, पण गावात एक मुक्काम केल्यास गावाजवळचा शांतलूचा ४४ मीटर उंचीचा पॅगोडाही सवडीने पाहता येईल.